सरावासाठीं रिव्हॉल्व्हर कसें निवडावें?

कोणतीही हस्तविद्या पैसे टाकून विकत आणतां येत नाहीं. ती सरावानेंच हातीं बसते. मात्र निरनिराळ्या विद्यांच्या सरावाचा खर्च निरनिराळा असतो. गवयानें तंबोरा एकदां घेतला, कीं पुढचा जन्मभराचा रियाज त्याला फुकट. सुताराचा शिकाऊ मुलगा टाकाऊ फळीवर रंधा मारून हात तयार करतो. नेमबाजाचें तसें नाहीं. त्याचा प्रत्येक बार म्हणजे खर्ची पडलेलें नाणेंच. यामुळें असें होतें, कीं रिव्हॉल्व्हर चालविण्यास शिकूं इच्छिणारा गृहस्थ मोठ्या हौसेनें एखादें भारी शस्त्र घेतो, चार वेळां मैदानावर जातो, काडतुसांचा हिशेब पाहून चपापतो, आणि मग तें शस्त्र कपाटांत पडून राहतें. भरलें शस्त्र आणि अशिक्षित हात ही जोडी एका घरांत नांदणें किती धोक्याचें आहे, हें वेगळें सांगावयास नको. म्हणून नवशिक्यानें विचारावयाचा प्रश्न ‘सर्वांत जबर शस्त्र कोणतें’ हा नसून, ‘ज्याचा सराव आपल्या खिशाला वर्षानुवर्षें झेपेल असें शस्त्र कोणतें’ हा होय.

हा विषय मुख्यत्वेंकरून अमेरिकेंतला आहे. खासगी रिव्हॉल्व्हर बाळगण्याची आणि सुटीचा दिवस चांदमारीच्या मैदानावर घालविण्याची रीत तेथें जितकी रूढ आहे तितकी अन्यत्र क्वचितच आढळेल. आपल्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे, लेकी, पुतणे, भाचे तिकडे स्थायिक झालेले आहेत. त्यांपैकीं कोणी या छंदाकडे वळल्यास इकडच्या वडील मंडळींना तो काय प्रकार आहे हें ठाऊक असावें, आणि ज्यांना निवड करावयाची त्यांना ती डोळसपणें करतां यावी, एवढ्यासाठीं आजचा हा प्रपंच.

प्रथम काडतुसाचा विचार करूं. कारण स्वस्ताईचें सारें रहस्य त्यांतच आहे. काडतुसांचे दोन मुख्य वर्ग पडतात. एका वर्गांत पेट देणारा स्फोटक मसाला काडतुसाच्या बुडाशीं मध्यभागीं, एका लहानशा वेगळ्या टोपींत बसविलेला असतो. दुसऱ्या वर्गांत अशी टोपी नसतेच. पितळेच्या पातळ नळकांड्याचें बूड बाहेरच्या अंगास दुमडून जो पोकळ कांठ तयार होतो, त्यांत ओला मसाला घालून नळकांडें गरगर फिरवितात, म्हणजे मसाला कांठाच्या पोकळींत चोहोंकडे पसरतो. रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचा आघात या कांठावर झाला, कीं तो चिरडतो, मसाला पेटतो आणि आंतील दारू पेट घेते. कांठावर पेटणारें म्हणून या काडतुसास रिमफायर असें नांव पडलें आहे.

वेगळी टोपी नाहीं, पितळ थोडें, दारू थोडी, गोळी लहान. म्हणून तें स्वस्त. परंतु ज्या गुणानें तें स्वस्त होतें त्याच गुणानें त्याला मर्यादाही पडते. कांठ चिरडला जाण्याइतका पातळ ठेवावा लागतो, म्हणून आंत फार मोठा दाब त्याला सोसत नाहीं. मध्यभागीं टोपी असलेलीं रिकामीं नळकांडीं पुन्हां भरून वापरतां येतात. चिरडलेल्या कांठाचें नळकांडें मात्र एका बारानंतर टाकूनच द्यावें लागतें. शिवाय मसाला कांठांत सर्वत्र सारखा पसरला नसेल, तर एखादें काडतूस न पेटतां फुकट जातें.

या काडतुसाचा जन्म खेळासाठींच झाला. फ्रान्समधील फ्लोबेर नामक कारागिरानें १८४५ सालच्या सुमारास टोपीच्या तोंडाशींच बारीक गोळी बसवून दिवाणखान्यांत नेम मारण्याजोगें काडतूस तयार केलें. त्या कल्पनेवर सुधारणा करून अमेरिकेंतील होरेस स्मिथ आणि डॅनिएल वेसन या भागीदारांनीं १८५७ सालीं आपलें सात बारांचें पहिलें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. त्याचें व्यासाप्रमाणें ‘.२२ शॉर्ट’ हें काडतूस होतें. पुढें १८८७ सालीं स्टीव्हन्स कंपनीनें ‘.२२ लाँग रायफल’ हें किंचित् लांब काडतूस काढलें. त्यांतील नेहमींची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅम वजनाची असते. नांवांत रायफल असली तरी पिस्तुलांत व रिव्हॉल्व्हरांतही तेंच चालतें, आणि सरावाचें काडतूस म्हणून आज जगभर त्याचाच प्रसार आहे.

आतां हिशेब पाहूं. अमेरिकेंतील अलीकडच्या वर्षांतल्या बाजारभावानें .२२ लाँग रायफलचें साधें काडतूस सामान्यतः ७ ते १० सेंटांस पडतें, रिव्हॉल्व्हरचें नेहमींचें.३८ स्पेशल हें काडतूस ४० सेंटांच्या आसपास जातें. आठवड्यास १०० बार धरले, तर वर्षाचे ५,२०० होतात. ८ सेंटांप्रमाणें त्यांस ४१६ डॉलर लागतील, तर ४० सेंटांप्रमाणें २,०८०. म्हणजे एका वर्षांत १,६६४ डॉलरांची बचत झाली, आणि इतक्या रकमेंत उत्तमोत्तम .२२ रिव्हॉल्व्हर सहज येतें. भाव नेहमीं सारखे राहत नाहींत हें खरें. २०१३ सालीं आणि पुन्हां २०२०-२१ मध्यें तेथें काडतुसांची मोठी टंचाई पडली होती, व सामान्य गिऱ्हाइकास .२२ ची पेटी मिळणेंही मुष्किलीचें झालें होतें. म्हणून अनुभवी नेमबाज भाव उतरले असतांना वर्षभराची बेगमी करून ठेवतात.

तथापि नुसतें स्वस्त काडतूस उडविल्यानें विद्या येत नाहीं. ज्या शस्त्रांत अखेर प्रावीण्य मिळवावयाचें त्याच्याशीं सरावाच्या शस्त्राचें साम्य असलें, तरच हाताला लागलेलें वळण तिकडे उपयोगीं पडतें. हें तत्त्व जुन्या कारखानदारांनीं नीट ओळखलें होतें. स्मिथ अँड वेसन कंपनीनें आपल्या .३८ च्या सांगाड्यावरच .२२ चें ‘के-२२’ हें रिव्हॉल्व्हर १९३१ सालीं काढलें. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर.२२, .३२ व .३८ अशा तीन व्यासांचीं ‘मास्टरपीस’ रिव्हॉल्व्हरें अशीं बनविलीं, कीं नळीवरील पट्टी कमीजास्त रुंद ठेवून तिन्हींचें भरलेलें वजन जवळजवळ सारखें व्हावें. डोळे मिटून हातीं घेतलें तर कोणतें कोणतें हें चटकन् सांगतां येऊं नये, इतका त्यांचा मेळ होता. निवडीची पहिली कसोटी ती हीच: मूठ, वजन, चाप आणि नेम धरण्याची माशी या चार बाबतींत सरावाचें शस्त्र मुख्य शस्त्राचें भावंड शोभलें पाहिजे.

दुसरी कसोटी चापाच्या रीतीची. रिव्हॉल्व्हरें दोन रीतींचीं असतात. सिंगल ॲक्शन प्रकारांत प्रत्येक बारापूर्वीं घोडा अंगठ्यानें मागें ओढून चढवावा लागतो. चाप फक्त तो सोडून देतो. डबल ॲक्शन प्रकारांत चाप ओढतांच घोडा चढतो, काडतुसांची चक्री फिरते आणि बारही होतो. मात्र त्यामुळें चाप लांब व जड लागतो. त्यांतही रिमफायरचा कांठ चिरडण्यास आघात जोराचा हवा, म्हणून .२२ च्या डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांचा चाप त्यांच्या मोठ्या भावंडांपेक्षांही बहुधा जड असतो. हें वैगुण्य वाटेल, परंतु जड चाप माशी न हलवितां ओढतां येऊं लागला, कीं हलका चाप मग खेळच वाटतो. ज्याला केवळ निवांत नेमबाजीचा आनंद हवा त्याला सिंगल ॲक्शन उत्तम; ज्याच्यापाशीं डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर आहे, त्यानें सराव त्याच जातीच्या शस्त्रावर करावा.

बाजारांतील कांहीं ठळक नमुने या कसोट्यांस लावून पाहूं. अगदीं स्वल्प किंमतींत, २०० डॉलरांच्या आसपास, हेरिटेज कंपनीचें ‘रफ रायडर’ मिळतें. जुन्या पश्चिमेकडील गुराख्यांच्या धर्तीचें हें सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर जस्ताच्या मिश्रधातूच्या सांगाड्यावर बांधलेलें आहे. घरगुती छंदास पुरे, पण लाखों बारांची अपेक्षा त्याच्याकडून करूं नये. रूगर कंपनीनें २०१९ सालीं काढलेलें ‘रँगलर’ याच किंमतीच्या जवळपासचें, सहा बारांचें आणि अधिक भक्कम आहे. परंतु त्याच्या मूळ नमुन्याची माशी कायमची बसविलेली असल्यानें गोळी डावीउजवीकडे लागली, तर नेम हातानेंच सांभाळून घ्यावा लागतो. याच कंपनीचें १९५३ पासूनचें पोलादी ‘सिंगल सिक्स’ किंमतीनें त्यांच्या दुप्पटतिप्पट, पण नीट राखलें तर नातवंडांच्या हातीं जाईल असें. डबल ॲक्शनमध्यें स्मिथ अँड वेसनचें ‘६१७’ हें वर सांगितलेल्या के-२२ चेंच वंशज होय: दहा खणांची चक्री, हवी तशी सरकवितां येणारी माशी, आणि सहा इंची नळीसह सुमारें सव्वा किलो वजन. त्याची किंमत हजार डॉलरांच्या घरांत जाते. ज्यांच्यापाशीं खिशांत मावणारें लहान .३८ रिव्हॉल्व्हर आहे त्यांच्यासाठीं रूगरचें आठ बारांचें हलकें ‘एल्-सी-आर्’ .२२ मध्येंही निघतें. मात्र आंखूड नळीचें, हलकें शस्त्र नेमाला कठीण असतें; तें नवशिक्याचें पहिलें शस्त्र होऊं नये.

एका मोहापासून येथें सावध करणें अवश्य आहे. कित्येक सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांबरोबर दोन चक्र्या मिळतात, एक नेहमींच्या.२२ ची, दुसरी १९५९ सालीं निघालेल्या .२२ मॅग्नम काडतुसाची. मॅग्नम जोरदार खरें, पण किंमतीनें तिपटीचौपटीचें. सरावाचा मूळ हेतूच त्यानें बुडतो. शिवाय मॅग्नमच्या चक्रींत साधें .२२ घालूं नये. तिचे खण रुंद असल्यामुळें पातळ पितळ आंत फुगून फाटतें आणि गरम वायु मागें येतो.

वापरलेलें रिव्हॉल्व्हर घेणें वावगें नाहीं, पण तें पारखून घ्यावें. रिकामें असल्याची दोनदां खात्री करून घोडा हळू चढवावा आणि चक्री जागेवर घट्ट बसते कीं नाहीं तें पाहावें. खण नळीच्या बरोबर समोर येत नसेल, तर गोळीचें शिसें कांठाशीं तासलें जाऊन बाजूला उडतें. खणांच्या कडेवर घोड्याच्या टोंच्याचे खोल व्रण दिसले, तर मागील मालकानें तें रिकामेंच पुष्कळ वाजविलें आहे असें समजावें. रिमफायरमध्यें काडतूस नसतां टोंचा थेट पोलादावर आदळूं शकतो. म्हणून कारखान्याच्या माहितीपत्रकांत परवानगी असल्याशिवाय रिकामा चाप ओढूं नये. तिकडचे चतुर लोक यासाठीं भिंतींत स्क्रू बसवितांना वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या लहान खुंट्या खणांत घालून सराव करतात! रूगरचें सिंगल ॲक्शन १९७३ पूर्वींचें असेल, तर आणखी एक खबरदारी हवी. त्या सालापासून कंपनीनें घोडा व टोंचा यांमध्यें एक पट्टी बसविली, आणि चाप ओढल्यावांचून ती वर येत नाहीं. त्यापूर्वींच्या शस्त्रांत सहाही खण भरून तें हातांतून पडलें, तर बार उडण्याचा संभव असे; म्हणून जाणते लोक घोड्याखालचा खण रिकामा ठेवीत.

शस्त्र आलें; आतां सरावाची रीत. एका बैठकीस पन्नास बार पुष्कळ झाले; पण प्रत्येक बार मोजका आणि मन लावून झालेला असावा. दहा यार्डांवरून, हात टेकवून, दोनतीन कंपन्यांचीं काडतुसें पांचपांच उडवून पाहावीं. एकाच नळीला एक काडतूस मानवतें, दुसरें मानवत नाहीं, हें छिद्रांच्या घोळक्यावरून लगेच कळतें. नंतर ज्या दोषानें बहुतेकांचा नेम चुकतो, त्याची परीक्षा घ्यावी. तो दोष म्हणजे आवाजाच्या भीतीनें बारापूर्वींच मनगट दचकणें. रिव्हॉल्व्हरांत ही परीक्षा फार सोपी आहे. सोबत्यानें कांहीं खणांत भरलेलीं व कांहींत उडविलेलीं रिकामीं काडतुसें मिसळून चक्री लावून द्यावी. रिकाम्यावर घोडा पडला आणि तरीही नळीचें टोंक खालीं गेलें, तर चोर सांपडला. बार नसतांना माशी निश्चल राहूं लागेपर्यंत हाच पाठ गिरवावा. दिवसाच्या शेवटीं पांचदहा बार मोठ्या शस्त्राचे करावे. कारण .२२ ला धक्का जवळजवळ नसतोच, आणि धक्का सोसण्याची विद्या तें शिकवूं शकत नाहीं.

परंतु धक्का नाहीं, आवाज लहान, काडतूस करंगळीच्या पेराएवढें, यावरून कोणी त्यास खेळणें समजेल, तर तो प्राणघातक गैरसमज होईल. १९६८ च्या जूनमध्यें लॉस एंजेलिस येथें रॉबर्ट केनेडी यांचा ज्यानें बळी घेतला तें शस्त्र .२२ चें रिव्हॉल्व्हर होतें. आणि ३० मार्च १९८१ रोजीं वॉशिंग्टनमध्यें राष्ट्राध्यक्ष रेगन यांस जवळजवळ मृत्यूच्या दारीं नेणारेंही.२२ चेंच रिव्हॉल्व्हर होतें. ही गोळी मैलाहूनही दूर जाऊं शकते. पाण्यावरून किंवा दगडावरून ती उसळते. आंखूड नळींतील तिचा आवाजही लहान भासला तरी कानांना इजा करण्याइतका मोठा असतो. म्हणून कानांवर झांपणें व डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय एकही बार करूं नये. चक्री व नळी यांमधील फटींतून तप्त वायु बाहेर येतो, तेथें बोट नेऊं नये. काडतूस पेटलें नाहीं, तर नळी निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावें. कधीं कधीं बार उशिरा होतो. गोळी शिशाची आणि पेट देणाऱ्या मसाल्यांतही बहुधा शिसें असतें. तें हातांवर, कपड्यांवर बसतें. मैदानावरून आल्यावर हात साबणानें धुवून, कपडे बदलून मगच स्वयंपाकघरांत पाऊल टाकावें आणि लेकरूं उचलून घ्यावें. सोंवळ्याचा नियम येथें आरोग्यशास्त्रानेंही मान्य केला आहे.

कायद्याची बाब तर याहूनही नाजूक. विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीनिमित्त मुदतीच्या व्हिसावर अमेरिकेंत गेलेल्या परदेशी नागरिकास, कांहीं ठराविक अपवाद सोडले तर, तेथील केंद्रीय कायद्यानें शस्त्र व काडतूस बाळगण्याची मनाई आहे. मित्रांच्या आग्रहास्तव मैदानावर शस्त्र हातीं घेणेंही या मनाईंत येऊं शकतें, आणि त्यापायीं सारें भवितव्य धोक्यांत पडूं शकतें. कायमच्या रहिवाशास ही अडचण नाहीं. परंतु प्रत्येक राज्याचे खरेदीचे, वाहतुकीचे आणि मुलांपासून शस्त्र बंदोबस्तांत ठेवण्याचे नियम वेगळे असल्यानें ते आधीं पाहावे.

आपल्याकडे रिव्हॉल्व्हर परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं. १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा.२२ लाही तितकाच लागू आहे. ज्यांना नेमबाजीची ओढ आहे त्यांनीं नेमबाजी संघाच्या मैदानावर हवेच्या पिस्तुलापासून आरंभ करणें हाच येथला राजमार्ग. या खेळाची राष्ट्रीय संस्था १९५१ सालीं स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष आपले ग. वा. मावळंकर होते, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें. त्याच गांवच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई सामन्यांत पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक आणलें. या तिघांचींही शस्त्रें निराळीं, पण काडतूस एकच: हेंच स्वस्त, इवलेंसें .२२.

अखेर खर्चाच्या क्रमाविषयीं एक सूचना. ज्यांना तिकडे रिव्हॉल्व्हर घ्यावयाचें आहे त्यांनीं हाताशीं असलेल्या रकमेंतून पहिल्यानें कुलपाची भक्कम पेटी घ्यावी, आणि काडतुसें ठेवण्यास दुसरी. नंतर कानांचीं झांपणें आणि चष्मा. त्यानंतर एखाद्या जाणत्या शिक्षकाची महिन्याभराची फी बाजूला काढावी, आणि त्याच्या मैदानावर दोनचार निरनिराळीं .२२ रिव्हॉल्व्हरें हाताळून पाहावीं. इतकें करून जी रक्कम उरेल तींत बसणारें शस्त्र घ्यावें. तें थोडें साधें असलें तरी चालेल. पण हा क्रम उलटा करूं नये.